वहीतले पान ४३

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

शेतीला मजूर का मिळत नाही यावर आपल्या अंकात गेले दोन आठवडे वाचकांची पत्रं येत आहेत. बहुतेकांचं उत्तर एकच दिसलं: रेशनचं धान्य फुकट, बाईच्या खात्यात महिन्याला दीड हजार, मग कापूस वेचायला येतो कोण? एका शेतकरी भावाने तर 'सरकारने माणसं आळशी करून ठेवली' असं सरळ लिहून टाकलं. पत्र तळमळीचं होतं. त्याचा कापूस झाडावर लोंबतोय आणि आभाळ भरून आलंय, त्याचा जीव जळणारच. पण ते पत्र वाचून मी गल्ल्याखालची उधारीची वही काढली आणि गिऱ्हाईक नसल्याने तासभर चाळत बसलो. हे पत्र त्या तासाभराचं आहे. लांबलं तर कात्री लावा.

गिरणाकाठच्या एका गावात मी १९८६ पासून किराणा दुकान चालवतो. वहीत आज ११२ खाती आहेत. गरिबीवर भाषण करण्याइतकं माझं शिक्षण नाही, पण कुणाच्या घरी आज चूल कधी पेटणार ते मला संध्याकाळी साडेसहाला कळतं. 'दहाचं तेल, पाचची चहापत्ती, पाचची साखर' असं पोरगं सांगत आलं, की त्याच्या आईला आज मजुरी मिळाली. पोरगं नुसतंच येऊन बरण्यांकडे बघत उभं राहिलं, की मिळाली नाही.

खात्यांची नावं मी सांगणार नाही. पान नंबर सांगतो. पान ४३ भिलाटीतल्या, म्हणजे भिल्लांच्या वस्तीतल्या, एका बाईचं आहे. वय चाळिशीच्या आत.

आधी तेलाचा हिशेब. पंधरा किलोचा डबा मला साधारण २,२५० रुपयांत विकायला परवडतो, म्हणजे किलोला १५०. ज्यांच्याकडे एकदम तेवढे पैसे असतात, म्हणजे मास्तर, बागायतदार, सोसायटीचे सचिव, ते डबा नेतात. पान ४३ रोज दहाचं तेल नेते. दहा रुपयांत मी पन्नास ग्रॅम घालतो. म्हणजे तिला तेल २०० रुपये किलो पडलं. वर्षाला ती ३,६५० रुपयांचं तेल नेते आणि तेवढंच तेल डब्याच्या भावाने २,७४० च्या आत आलं असतं. नऊशेच्या वर रुपये गेले ते नुसते मापात. वेचणीची मजुरी दिवसाला अडीचशे धरा, म्हणजे वर्षातले जवळपास चार दिवस ती बाई उन्हात वाकून फक्त एवढ्यासाठी राबते, की तिच्याकडे एका वेळी २,२५० रुपये नसतात. हेच चहापत्तीचं, हेच तिखटाचं, हेच ज्वारीचं. दादर ज्वारी निघते तेव्हा ज्याच्याकडे पैसा असतो तो वर्षाची दादर भरून ठेवतो. ती श्रावणात दोन-दोन किलो नेते, तेव्हा भाव चढलेला असतो. (शॅम्पूचं मात्र उलटं आहे. पुडी बाटलीपेक्षा स्वस्त पडते. कंपन्यांनी गरिबाचा विचार केलेली मला ठाऊक असलेली ही एकच वस्तू, आणि तीही डोक्याला लावायची!)

यात माझाही हात आहे, तो लपवत नाही. कित्येक वर्षं माझ्या दुकानात दोन भाव होते. रोखीला चाळीस तर उधारीला बेचाळीस. बोर्डावर कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. पैसा अडकतो, बुडतो, त्याची भरपाई, असं मी स्वतःला समजावत आलो. एका पावसाळ्यात बसून बुडीत खाती मोजली. इतक्या वर्षांत पैसे बुडवणारे निघाले नऊ. नऊपैकी चौघांची घरं सिमेंटची, दारात मोटारसायकल. भिलाटीतली दोनच आणि त्यातला एक तर वारला होता. म्हणजे बुडवणाऱ्यांनी केलेलं नुकसान मी इतकी वर्षं न बुडवणाऱ्यांकडून वसूल करत होतो. त्या दिवसापासून एकच भाव ठेवला. धंदा बसला नाही.

तेलाचंही एक जमलं. आता भिलाटीतल्या पाच बाया मिळून एक डबा घेतात. डबा राहतो माझ्याकडेच. माप मी लिहून ठेवतो. घरटी ४५० रुपये पडतात, ते आठवड्याला साठप्रमाणे देतात, शेवटच्या आठवड्याला तीस. दोन महिने डबा पुरतो. ही कल्पना माझी नव्हे, त्यांच्यातल्याच एकीची. मी फक्त हो म्हणालो.

आता पान ४३.

ही नवरा-बायको दोघं दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायची आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी परतायची. जोडप्याला 'एक कोयता' म्हणतात. मुकादम आधी उचल देतो, मग हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि टनाला ३६६ रुपये झाले. पेपरात मोठी बातमी आली होती. दोघांनी मिळून पहाटेपासून दोन टन तोडला तर ७३२ रुपये, माणशी ३६६. त्यात झोपडीतलं राहणं, आजारपण आणि तोडणीवरच जन्मणारी पोरं. हे दर वाढण्याआधीच, २०२३ च्या उन्हाळ्यात, हंगाम संपवून परत येताना तिचा नवरा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडला आणि गेला. अंगावर उचल फिटायची होती ३८,००० रुपये.

दहाव्याला सगळा गाव गेला. मीही गेलो. झाडाखाली बसलो, चहा घेतला, हळहळलो. 'चांगला माणूस होता' म्हणालो, आणि तो होताही. परत येताना आमच्या गावचे निवृत्त पोस्टमास्तर बरोबर होते. त्यांनी चालता चालता विचारलं, 'आप्पा, याने वीस रुपयांचा विमा उतरवला होता का हो?' मी तिथेच उभा राहिलो. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आणि अपघाती मृत्यूला दोन लाख, हे मला माहीत होतं. माझा आहे, माझ्या बायकोचा आहे, मुलाचा आहे. त्याचं जनधनचं खातं होतं. नुसती वीस रुपये कापायची सही नव्हती. वर्षातून दोनशे वेळा तो माझ्या दुकानाच्या पायरीवर बसायचा, तंबाखू मळायचा, आणि मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं.

याला सरकार काय करणार? योजना होती, बँक होती, खातं होतं. मधलं वाक्य बोलायला माणूस नव्हता. तो माणूस मी असू शकलो असतो.

मग म्हटलं, निदान पुढचं तरी बघू. कर्ता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब सहाय्यातून २०,००० रुपये मिळतात, पण त्याला दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव लागतं. हिच्या घराचं नाव यादीत नाही. का नाही, तर २००२ चा सर्व्हे. तो मला चांगला आठवतो, कारण सर्व्हेवाले पाणी प्यायला माझ्याच दुकानात थांबले होते. तेरा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण बावन्न. जितके गुण जास्त तितका तुम्ही श्रीमंत. माणशी कपडे किती, हाही एक प्रश्न होता. पंखा आहे का, रेडिओ आहे का, कुकर आहे का, तेही. तिच्या सासूने त्या दिवशी पाहुणे येणार म्हणून घर सारवलं होतं आणि ठेवणीतली लुगडी दोरीवर काढली होती. त्यात भावाने दिलेला पंखा. गरीब माणूस गरीब दिसू नये म्हणून किती जपतो, हे बावन्न गुणांत कुठे बसायचं? सासू पुढे अंथरुणाला खिळली, तरी यादीपुरतं ते घर सुस्थितीतलंच राहिलं.

यादीत नाव नसेल तर संजय गांधी निराधार योजनेला उत्पन्नाचा दाखला लागतो. १,५०० रुपये महिना मिळतात, पण कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत हवं. मी दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर मोजलं. दिवसाला अडीचशे रुपयांप्रमाणे ८४ दिवस काम केलं की २१,००० झाले. पंच्याऐंशीव्या दिवशी ती विधवा निराधार राहत नाही! ती तीनदा तालुक्याला जाऊन आली. एसटीला बाईला अर्धं तिकीट लागतं, ते ठीक, पण दिवस अख्खा जातो. पहिल्या खेपेला साहेब मीटिंगला. दुसऱ्या खेपेला मृत्यूच्या दाखल्यावर आडनावाचं एक अक्षर चुकलेलं. तिसऱ्या खेपेला तिच्या हाती कागदाचा चिठोरा आला, काय काय आणायचं ते लिहिलेला. तिला वाचता येत नाही. तो चिठोरा तिने आठ दिवस देवाच्या फोटोमागे ठेवला आणि मग माझ्याकडे आणला. म्हणाली, 'आप्पा, यावर काय लिखेल शे?' तीन खेपा म्हणजे साडेसातशे रुपयांची मजुरी, आणि हातात एक चिठोरा.

चौथ्या खेपेला मी गेलो बरोबर. दुकान बायकोकडे दिलं, पांढरा शर्ट घातला. खोटं वाटेल, पण खिडकीवरच्या माणसाने मला खुर्ची दिली. बाई उभीच होती. मी नवीन काहीच बोललो नाही, तिने तीनदा सांगितलं होतं तेच सांगितलं. काम दोन तासांत पुढे सरकलं. त्या माणसाला मी वाईट म्हणणार नाही, त्याच्यापुढे दीडशे कागद होते. पण शर्टाला एवढं वजन असतं हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं.

उत्पन्न किती हा प्रश्न राहिलाच. त्यावर तोडगा निघाला तो माझ्या वहीतून. तिला मजुरी मिळाली की ती त्याच संध्याकाळी काहीतरी जमा करते. कधी तीस, कधी पन्नास, पण जमा करतेच. म्हणजे जमेच्या नोंदी मोजल्या की कामाचे दिवस कळतात. नवरा गेल्यापासून पुढच्या वर्षभरात तशा नोंदी निघाल्या ७१. गुणिले अडीचशे, १७,७५०. वही घेऊन तलाठ्यांकडे गेलो. ते आधी हसले, मग चष्मा लावून पानं उलटू लागले. म्हणाले, 'आप्पा, एवढा हिशेब तर आमच्याकडेही नसतो.' दाखला निघाला. पुढे चार महिन्यांनी पैसे सुरू झाले.

अंगठ्याचं राहिलंच. रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा उमटत नाही. कोयता आणि कापसाची बोंडं, हाताच्या रेषाच राहिल्या नाहीत. मोबाईलवर नंबर येतो म्हणतात, पण आधारला मोबाईल जोडलेला नव्हता. आमच्या पोस्टमनने घरी येऊन जोडून दिला, पन्नास रुपये लागले. पोस्टमन हे काम करतो हे गावात चार जणांनाही माहीत नव्हतं. आणि आपल्या पत्रलेखकांनी ज्यावर एवढा राग काढला ते फुकट धान्य किती, तर माणशी महिन्याला पाच किलो. दिवसाला १६६ ग्रॅम. माझ्या नातवाचं त्यात भागत नाही. त्यावर कोण आळशी होणार?

मजूर मिळत नाही हे खरंच आहे. पोरं सुरतला जातात, नाशिकला जातात, कारण तिथे शनिवारी पगार हातात पडतो. आमच्याकडे मजुरी 'कापूस विकल्यावर देतो' म्हणून लांबते. शेतकऱ्याचीही अडचण असते, त्याला व्यापारी अडवतो, हे मी जाणतो. पण हजार रुपये मजुरी तीन आठवडे राहिली की ती बाई पाचशे रुपये काढते शेकडा दहाने. शेकडा दहा म्हणजे महिन्याला. वर्षाला एकशेवीस टक्के. २०१४ चा सावकारीचा कायदा आहे, सहायक निबंधकांकडे तक्रार करता येते, सगळं आहे. तक्रार करत कोणी नाही, कारण पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच्याच दारात उभं राहायचं असतं. म्हणून पत्र लिहिणाऱ्या शेतकरी भावाला माझं सांगणं एवढंच, की बाजाराच्या आदल्या संध्याकाळी मजुरी चुकती करून बघा. मजूर टिकतो की नाही ते मला दिवाळीनंतर कळवा.

माझे वडील सालदार, म्हणजे वर्षाच्या कराराने राबणारे शेतगडी होते. आखाजीला सगळ्या घरांत पुरणपोळी आणि आमरस, पोरी झोक्यावर गाणी म्हणणार, गडी पत्ते कुटणार, आणि आमच्या घरी त्या दिवशी वडिलांचं साल ठरायचं. मागचं किती अंगावर, पुढचं किती. १९७२ ला मी अकरा वर्षांचा होतो. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. लाल मिलो ज्वारीची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी खाऊन आम्ही जगलो. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून तो लागू झाला. त्या कामांसाठी सरकारने १९७५ मध्ये नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. माझा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्याच्या पगारातून दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे कापतात, वर्षाला अडीच हजार. तो एकदा कुरकुरला तेव्हा त्याला म्हटलं, बाबा, तुझी आजी ज्या कामावर जगली तसल्या कामांसाठीच हा कर निघाला. शहरातल्या कारकुनाने खेड्यातल्या खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीला हातभार लावायचा, हे या राज्याने पन्नास वर्षांपूर्वी ठरवलं होतं. कापणारालाही ते आता आठवत नसेल.

आणि मी सालदाराचा पोरगा दुकानदार कसा झालो? तालुक्याच्या एका व्यापाऱ्याने १९८६ ला साखरेचं एक पोतं, गुळाच्या दोन भेल्या आणि चहाची पेटी जामिनाशिवाय दिली. आखाजीपर्यंत दे म्हणाला. व्याज घेतलं नाही. का दिलं, हे मी त्याला कधी विचारलं नाही आणि आता विचारायला तो नाही.

पान ४३ ची गरिबी हटली, असं मी म्हणत नाही. उचलीचे पैसे हप्त्याने फेडायचं मुकादमाने कबूल केलं, कारण गुरुजी आणि आम्ही दोघं-तिघं जाऊन बसलो. मुकादम तरी काय, तोही वरच्याचा देणेकरीच. मुलाला कोयत्याला जावं लागलं नाही, तो नववीत आहे. सासू अजून अंथरुणावर. खोकला झाला तरी ती बाई स्वतः दवाखान्यात जात नाही, दिवस मोडतो म्हणून. नवीन एवढंच, की निराधार योजनेचे पहिले दीड हजार आले त्या दिवशी ती दुकानात आली आणि तेलाची लिटरची अख्खी पिशवी मागितली. चौदा वर्षांत पहिल्यांदा. घरी जाताना पिशवी पदराखाली धरून नेली.

संपादक महोदय, आता आपल्याकडे एक मागणी. आपण रोज जळगावच्या सराफ्यातला सोन्याचा भाव छापता, रावेरच्या केळीचा भाव छापता. त्याच पानावर एक लहान चौकट द्या. आठवड्यातून एकदा दिली तरी पुरे. कोणत्या योजनेला कोणते कागद लागतात, वीस रुपयांच्या विम्याची सही कुठे करायची, ऊसतोडीला जाणाऱ्याच्या मुलाला शाळेतून शिक्षण हमी कार्ड कसं मिळतं, तोडणीच्या गावी रेशन कसं उचलायचं. अक्षर मोठं ठेवा. मी ती चौकट कापून बरण्यांच्या वरच्या फळीवर चिकटवीन आणि तेल मोजता मोजता वाचून दाखवीन. आमच्यासारखी दुकानं खान्देशात गावोगाव आहेत, त्यांनाही चिकटवता येईल. ऊसतोडीच्या गाड्या दिवाळीनंतर सुटतात. चौकट त्याआधी आली तर बरं.

आपला नम्र,
एक किराणा दुकानदार
(गिरणाकाठ, खान्देश. नाव-गाव छापू नये. माझी हरकत नाही, पण वहीतल्या माणसांची अब्रू आहे.)

ता. क. हे पत्र मी पान ४३ ला वाचून दाखवलं. तिने दोन दुरुस्त्या सांगितल्या. पंखा भावाने नव्हे, मामाने दिला होता. आणि नऊशे रुपये मापात गेले, तर ते परत कधी देणार, असं तिने विचारलं. हसत विचारलं, पण विचारलं. मी अजून उत्तर दिलेलं नाही.